हरलेला तेवढा माझा

“मुक्कावार सर, तुम्हाला बेसबॉल येतो का?” प्राचार्य हंबर्डे साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, “येतो.”

बेसबॉलबद्दल मला त्या दिवशी एवढंच ठाऊक होतं, की त्यातली बॅट गोल असते. पण साहेबांच्या केबिनमध्ये नाही म्हणायची मला सवय नव्हती. शिवाय विद्यापीठाच्या क्रिकेट संघात मी होतो, असं मी स्टाफरूममध्ये अधूनमधून सांगत असे. होतो, पण बारावा. तीन सामन्यांत मिळून मी मैदानावर दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा हातात पाण्याचा ट्रे होता.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. मुखेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत होतो. साहेबांचा हिशेब सोपा होता. कबड्डी-खोखोला गल्लोगल्ली संघ, तिथं आपल्या मुलींचा निभाव लागणं अवघड. बेसबॉल जिल्ह्यात आणखी एकच कॉलेज खेळत होतं. ते एक हरवलं की विभाग, विभागात दोन सामने जिंकले की राज्य. आणि राज्याला गेलेल्या मुलीला वाढीव गुण, शिवाय डी.एड.ला खेळाडूंच्या जागेतून प्रवेश मिळण्याची आशा. त्या काळात आमच्याकडे डी.एड.चा प्रवेश म्हणजे घरातल्या मुलीचं आयुष्य मार्गी लागणं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस ऑर्डर निघाली. मुख्य प्रशिक्षक, श्री. दिगंबर मुक्कावार. सहायक प्रशिक्षक, श्री. भुजंगराव टेकाळे. हे आमचे क्रीडाशिक्षक, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. तरुणपणी नावाजलेले पैलवान. बेसबॉलकडे ते, घरी आलेल्या दूरच्या पाहुण्याकडे बघावं तसे आदरानं आणि लांबून बघत. आणि महिला व्यवस्थापक, श्रीमती पंचफुला गजभारे. मुलींच्या संघाबरोबर एक बाईमाणूस लागतं असा नियम होता, आणि बाकीच्या मॅडमनी घरच्या अडचणी सांगितल्या होत्या. गजभारेबाई रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. बाटल्या धुणं, काचसामान मांडणं, मोडलेल्याची नोंद ठेवणं. त्यांना अडचण कुणी विचारलीच नव्हती.

जिल्हा क्रीडा कार्यालयातून नियमांची एक मराठी पुस्तिका आली. मी ती चाळली. चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. पिचर चेंडू फेकते, समोरची तो मारून कोपऱ्यामागून कोपरा धावते, चौथा गाठला की एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. इथवर वाचून मला वाटलं, झालं की. पुढची चाळीस पानं मी वाचली नाहीत. पण एका चित्रानं माझं मन वेधून घेतलं. त्यात प्रशिक्षक टोपीला हात लावून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘प्रशिक्षक खुणांनी खेळाडूंना सूचना देतो.’

हे मला जमण्यासारखं होतं.

मी अकरा खुणा तयार केल्या. नाकाला हात लावला की मार. उजवा कान धरला की चेंडू सोडून दे. टोपी सारखी केली की पुढच्या बेसकडे पळ. वहीत तक्ता आखला आणि मुलींकडून चार दिवस पाठ करून घेतला. पुस्तिका मग प्रयोगशाळेतल्या कपाटात पडली, कारण संघाचं सामान ठेवायला तेवढीच जागा होती.

आश्चर्य म्हणजे आम्ही जिंकायला लागलो. सरावाचे दोन सामने जिंकलो, जिल्ह्याचा सामना नऊ धावांनी जिंकलो. मी निळा ट्रॅकसूट घालून रेषेजवळ उभा राही, नाक, कान, टोपी करी, आणि मुली नेमक्या वेळी पळत, नेमका चेंडू सोडत. गावातल्या एका साप्ताहिकानं माझी मुलाखत घेतली. तीत मी ‘संकेतांचं शास्त्र’ या विषयावर पाऊण कॉलम बोललो. बायकोनं ते कात्रण जपून ठेवलं. आजही काही जास्तच बोलायला लागलो, की ती ते काढून दाखवते.

आमची पिचर होती उज्ज्वला केंद्रे. बारावीची, उंच, हाडापेरानं मजबूत, अबोल. तिचा चेंडू समोरच्या मुलींना दिसायच्या आत कॅचरच्या हातमोज्यात वाजायचा. कॅचर तस्लीम पठाण, तीच कप्तान. ती दोघींच्या वाटचं बोलायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही विभागीय स्पर्धेला लातूरला गेलो. एकाच दिवशी सकाळी उपांत्य सामना, दुपारी अंतिम.

सकाळच्या सामन्यात चौथ्या डावात माझ्या कपाळावर माशी बसली. ती हाकलताना टोपी सरकली, म्हणून मी ती सारखी केली. लगेच लक्षात आलं, आपण पळायची खूण केली. तस्लीम दुसऱ्या बेसवर उभी होती. आता ती पळणार आणि बाद होणार.

ती पळाली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्या मागं, खांद्यावरून पलीकडं बघत होती.

मी वळून पाहिलं. बाकावर गजभारेबाई बसल्या होत्या. मांडीवर टॉवेलची घडी, पायाशी पाण्याची कळशी. त्यांनी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. मी परत मैदानाकडे वळलो तर तस्लीम तिसऱ्या बेसवर पोचली होती.

उरलेला सामना मी खुणा करत आणि मागं बघत काढला. पदर डोक्यावर म्हणजे चेंडू सोड. खांद्यावर म्हणजे मार. कमरेला म्हणजे पळ. तीनच खुणा. माझ्या अकरा खुणांकडे मैदानावरचं एकही माणूस बघत नव्हतं. अपवाद समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाचा. ते बिचारे माझी प्रत्येक हालचाल वहीत टिपून घेत होते.

आम्ही जिंकलो. साप्ताहिकाचा वार्ताहर असता तर त्याला काय सांगितलं असतं कोण जाणे.

जेवणाच्या सुट्टीत मी बाईंना बाजूला घेतलं आणि विचारलं, हे कधीपासून चाललंय. त्यांनी काही लपवलं नाही. पहिल्या सराव सामन्यापासून, म्हणाल्या. त्या सामन्यात मी एकाच वेळी नाक आणि कान दोन्ही धरले होते म्हणे, आणि मुली गोंधळून गेल्या. तस्लीमनं त्यांना विचारलं, मावशी, आता काय करू? त्यांनी सांगितलं. ते बरोबर आलं. मग पुढंही तसंच सुरू राहिलं. पुस्तिका त्यांनी प्रॅक्टिकलच्या वेळात दोनदा वाचून काढली होती.

“पण तुम्हाला यातलं कळतं कसं?” मी विचारलं. आवाज चढू नये याची काळजी घेत होतो, तरी तो चढलाच.

“एकोणीस वर्षं पोरांचे हात बघतेय, सर,” त्या म्हणाल्या. “काचेची नळी धरली की मला कळतं, ही फोडणार का नाही. चेंडू फेकणारीचं बी तसंच असतंय.”

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला जास्तच राग आला. मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.  त्या म्हणाल्या, तुम्ही लई मनापासून करत होता.

अंतिम सामना सुरू व्हायच्या आधी मी त्यांना पाण्याची कळशी घेऊन मैदानाच्या पार टोकाला, पायऱ्यांवर बसायला सांगितलं. उन्हानं मुलींना तहान लागेल, पाण्याकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं, असं कारणही दिलं. हातात पाणी देऊन माणसाला कसं बाहेर बसवतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी मी ते केलं. त्या कळशी उचलून गेल्या.

मग मी रेषेजवळ उभा राहून माझं शास्त्र दाखवलं. पहिल्या डावात माझ्या खुणेवरून दोघी पळाल्या आणि दोघीही बाद झाल्या. दुसऱ्या डावात एकीनं विचारलं, सर, डाव्या कानाचं काय होतं? मला आठवेना. उज्ज्वलाच्या फेकीमुळं आम्ही तग धरून होतो, तरी तिसरा डाव संपला तेव्हा समोरच्यांच्या दोन धावा आणि आमचा भोपळा. आमचे सामने पाच डावांचे असत.

तस्लीम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या मागं बाकीच्या.

“सर, मावशीला बोलवा.”

मी टेकाळे सरांकडे पाहिलं. ते बुटाची नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत राहिले. तेव्हा कळलं, त्यांनाही पहिल्यापासून माहीत होतं.

पायऱ्यांपर्यंतचं अंतर शंभरेक पावलांचं असेल. नवा ट्रॅकसूट घालून, शे-दोनशे लोकांसमोर मी ते चालत गेलो. मनात दोन-तीन वाक्यं जुळवली होती. तिथं पोचल्यावर एकही आठवलं नाही. मी फक्त कळशी उचलली आणि म्हणालो, चला. बाई उठल्या. येताना वाटेत एवढंच म्हणाल्या, की समोरच्या संघाची तिसऱ्या बेसवरची मुलगी डावखुरी आहे, तिच्या बाजूला मारायला हवं.

चौथ्या डावात आम्ही चार धावा केल्या. मी जागेवर उभा राहून नाक-कान करतच होतो. समोरचे प्रशिक्षक टिपून घेत होते म्हणून, आणि हात रिकामे ठेवून उभं कसं राहायचं ते मला कळत नव्हतं म्हणूनही.

त्यांच्या पाळीत त्यांनी एक धाव काढली. चार विरुद्ध तीन. पाचव्या डावात आम्हाला काही जमलं नाही. आता त्यांची शेवटची पाळी. उज्ज्वलानं पहिली मुलगी बाद केली. दुसरी कशीबशी पहिल्या बेसवर पोचली. राहिले दोन गडी. दोन गडी, की राज्य.

तेवढ्यात बाई बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. असं त्या कधी करत नसत.

“सर, उज्ज्वलाला काढा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, दोनच गडी राहिलेत.

“तिचा कोपर खाली आलाय. मघापासून चेंडू ती फेकत नाही, तिच्या हातातून निसटतोय. मी दोनदा खूण केली, बस म्हणून. तिनं मान हलवली. माझं ऐकंना झालीय ती.”

टेकाळे सर म्हणाले, बाम चोळू थोडा. आमच्या वेळी खांदा निखळला तरी कुस्ती सोडत नसत. मी बाईंना विचारलं, दोन गडी निघणार नाहीत का? अगदी विनवल्यासारखं विचारलं.

“निघतील बी,” त्या म्हणाल्या. “तिची ताकद हाय तेवढी. पण हात जाईल.”

“नक्की जाईल?”

“ते मला सांगता येत नाही, सर. नळी फुटायच्या आधी मी ओरडते. कधी कधी फुटतच नाही.”

“मग तुम्हीच सांगा तिला परत.”

“जिंकायचं होतं तवा मी सांगितलं,” बाई म्हणाल्या. “हे तुम्हालाच सांगावं लागंल. मी शिपाई हाय. मी काढलं तर ती निघायची नाही, आन् निघाली तर समदे मला खातील. साहेबांच्या कागदावर तुमचं नाव हाय.”

मी पंचांना हात केला आणि मैदानात गेलो. इतक्या वर्षांत मैदानात जाण्याची ती तिसरी वेळ, आणि पहिल्यांदाच हातात काही नव्हतं. उज्ज्वला मला येताना बघून दोन पावलं मागं सरकली. तस्लीमही धावत आली.

मी तिला दुखतंय का असं विचारलं नाही. म्हणालो, “मूठ वळ.”

तिनं हात मागं घेतला.

“उज्ज्वला, मूठ वळ.”

तिनं हातमोजा आणि चेंडू काखेत धरून हात पुढं केला. अंगठा आणि दोन बोटं मिटली. शेवटची दोन तशीच राहिली, उघडी, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. तिनं डाव्या हातानं ती दाबून मिटवली, चेंडू परत उजव्या हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“दोनच गडी, सर,” ती म्हणाली. “मी डोळे मिटून काढते. माझं हे शेवटचं वर्ष. मला डी.एड.ला दुसरा मार्ग नाही. तुम्हाला काय, तुम्ही पुढच्या वर्षी परत याल.”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.  मी तिच्या हातातून चेंडू घेतला. तो तिनं सोडला नाही, मला ओढावा लागला, आणि ती मिटलेली बोटं किती सहज सुटली तेही मला कळलं. मी वंदनाला हाक मारली. वंदना आमची राखीव पिचर, शेजारणीला वाटी द्यावी तसा हळुवार चेंडू टाकणारी.

उज्ज्वला मैदानाबाहेर गेली ती थेट बसच्या दिशेनं. बाई तिच्या मागं गेल्या.

वंदनाचा दुसराच चेंडू समोरच्या मुलीनं सगळ्यांच्या डोक्यावरून मारला. दोघी धावत आल्या. पाच विरुद्ध चार. आमच्या मुली जिथं होत्या तिथंच खाली बसल्या. समोरच्या प्रशिक्षकांनी येऊन माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून विचारलं, की शेवटी ती पिचर काढण्यामागं काय डाव होता. मी म्हणालो, डाव नव्हता. त्यांचा विश्वास बसला नाही.

परतीच्या प्रवासात माझ्याशी कुणी बोललं नाही. टेकाळे सरांनीसुद्धा खिडकीकडे तोंड केलं होतं.

सोमवारी साहेबांनी आम्हा तिघांना बोलावलं. बातमी आमच्या आधी पोचली होती. जिंकत आलेला सामना मुक्कावारनं घालवला, असंच गावभर झालं होतं. साहेब चिडलेले होते, पण आवाज खालचा ठेवून होते. त्यांनी विचारलं, ऐन वेळी पिचर बदलायची अक्कल कुणाची?

मी तोंड उघडायच्या आधी बाई म्हणाल्या, “साहेब, मी बोलले होते सरांना.”

साहेब हसले. पोट धरून नाही, नाकातून हसले. म्हणाले, बाई, तुम्ही प्रयोगशाळेकडे लक्ष द्या, तुम्हाला यातलं काय कळतंय.

इतके दिवस मी त्या केबिनमध्ये हो म्हणत आलो होतो. त्या दिवशी मला काय झालं, सांगता येत नाही.

“साहेब,” मी म्हणालो, “त्यांनाच कळतंय. आतापर्यंत जिंकलेले सगळे सामने बाईंनी जिंकले. माझ्या खुणा कुणी बघतसुद्धा नव्हतं. मुलींना विचारा. हरलेला तेवढा माझा.”

साहेबांना आधी ती चेष्टा वाटली, मग उपरोध वाटला. टेकाळे सर खाकरले आणि म्हणाले, खरं आहे साहेब. 

ऑर्डर बदलली नाही. प्रशिक्षक शिक्षकच लागतो, असं निघालं. त्यामुळं पुढची तीन वर्षं कागदावर मीच मुख्य प्रशिक्षक होतो. बाई बाकावर, मी रेषेजवळ. दुसऱ्या वर्षी आम्ही राज्याला गेलो. माझं काम एकच, हावभाव करून समोरच्यांना गुंतवून ठेवायचं. ते मात्र मी फार चांगलं केलं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा सत्काराचं भाषण मी केलं. त्यात सगळं सांगितलं, आणि लोक खूप हसले. निम्म्यांना तो माझा विनय वाटला असावा.

उज्ज्वलाला मी आणि बाई नांदेडला डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. कोपराजवळची शीर दुखावली होती, सहा आठवडे प्लास्टर. मी डॉक्टरांना हळूच विचारलं, आणखी दहा-बारा चेंडू टाकले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित काहीच झालं नसतं. हे ऐकून मला रात्री झोप येईना. बारावीचे पेपर तिनं स्वतःच्या हातानं लिहिले. डी.एड.ला मात्र नंबर लागला नाही, तीन गुणांनी गेला. ती कॉलेज सोडून गेली तेव्हा दाखला न्यायला आली होती. स्टाफरूमवरून गेली, आत आली नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी वडिलांच्या शेताच्या वारस नोंदीसाठी मला कंधार तालुक्यातल्या एका तलाठी कार्यालयात जावं लागलं. खुर्चीत उज्ज्वला केंद्रे बसली होती. तिनं मला ओळखलं, हे मला दिसलं. तरी तिनं माझा कागद सगळ्यात खाली ठेवला आणि मला पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं. मी बसलो. सगळे गेल्यावर तिनं मला बोलावलं, माझे कागद तपासले, दोन ठिकाणी चुका काढल्या, त्या स्वतःच दुरुस्त केल्या आणि सह्या केल्या.

मग पेन खाली न ठेवता तिनं विचारलं, “त्या दिवशी तुम्ही मला दुखतंय का, असं का नाही विचारलं?”

“तू नाही म्हणाली असतीस,” मी म्हणालो.

तिनं पेनाला टोपण लावलं.

“हो,” ती म्हणाली, आणि दारात आलेल्या माणसाला आत बोलावलं.